उतरलं की विझणारा दिवा

मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमचे हे उतरून मागे आले, बघितलं आणि हसले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा परत मागे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "कुठे लागलाय? विझलेला तर आहे." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "तुझे डोळे तपासून घे एकदा." म्हणजे दिवा बिघडला गाडीचा आणि दवाखान्यात जायचं मी!

आमची गाडी बॅटरीवरची तीनचाकी. पुढे यांची एकट्याची सीट, हँडलला पिळायची मूठ, उजव्या पायाशी ब्रेकचं पेडल आणि मागे फळ्यांचा हौदा. हौद्यात दुधाचे अकरा कॅन आणि बारावी मी. कॅन कलंडू नयेत म्हणून मी उलट्या तोंडाने बसते, यांच्याकडे पाठ करून, दोन कॅनच्या मध्ये पाय रोवून. तीन वर्षं झाली, रोज सकाळी जग माझ्यापासून लांब लांब जात असतं. त्यामुळे गाडीच्या मागे काय चाललंय ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पुढे काय चाललंय ते मात्र मी कधी बघितलेलंच नव्हतं.

धुक्याचे दिवस होते. घरातून निघताना स्वतःचं कुंपण दिसायचं नाही. गाय हंबरली की समजायचं, आला पहिला गोठा, घ्या दूध. अशा धुक्यात मागचा दिवा म्हणजे गाडीचा जीव. एक बारका दिवा कायम मिणमिणत असतो. ब्रेक दाबला की त्याच्या शेजारचा मोठा लागतो, आणि मग मागचं धुकं, माझे पाय, कॅनची पोटं, सगळं लाल होतं. ब्रेक सोडला की परत पांढरं. त्या सोमवारी मात्र निघाल्या निघाल्या सगळं लाल झालं आणि लालच राहिलं.

"अहो, ब्रेक दाबलाय का?" मी तिकडे तोंड न वळवताच ओरडले.

"सरळ रस्ता आहे. ब्रेक कशाला दाबू?"

"मग दिवा कसा लागलाय?"

गाडी थांबली. हे उतरले. यांचं उतरणं म्हणजे हल्ली एक कार्यक्रमच असतो. आधी दांडा धरायचा, मग डावा पाय खाली, मग "आई गं", मग उजवा. तोवर माझ्या समोरचं धुकं पांढरं होऊन मोकळं. हे येऊन बघतात तो दिवा विझलेला. परत बसले, गाडी निघाली, परत लाल. परत हाक मारली, परत उतरले, परत विझला. तिसऱ्या खेपेला ते डोळ्यांचं बोलले आणि मी गप्प बसले. तोंडाने गप्प बसले, एवढंच. मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

मंगळवारी अंडीवाला आमच्यावर येऊन आदळला. ओढ्याजवळ आडवं कुत्रं आलं, यांनी कचकन गाडी थांबवली, आणि धुक्यातून अंडीवाल्याची स्कूटर सरळ हौद्याच्या फळीवर. माझ्या मांडीवर एक ट्रे येऊन पडला. तो स्वतः रस्त्यावर बसला होता, कोपर सोललेलं, आणि त्याच्याभोवती सगळं पिवळं झालेलं.

"ब्रेक मारला तो दिसला नाही का रे तुला?" हे पुढून ओरडले.

"दिसायचं काय त्यात, दादा? तुमचा लाल दिवा पुलापासून लागलेलाच आहे! मी म्हटलं, याचा असाच लागून राहतो. मग तुम्ही खरंच थांबलात ते मला कसं कळणार?"

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. माणूस रस्त्यावर बसलाय, त्याच्या दिवसभराच्या मालाचं वाटोळं झालंय, आणि मला मात्र एक साक्षीदार मिळाला म्हणून हायसं वाटतंय. लाज वाटली, पण आनंद झाला तो झालाच. मी पदराने त्याचं कोपर बांधलं. तेवढ्यात हे उतरून मागे आले आणि दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ. विझलेला आहे."

अंडीवाल्याने दिव्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, हा दिवा तुमच्या यांना घाबरतो का?" तो म्हणाला.

ही बातमी आमच्या आधी सेंटरवर पोचली. दूध मोजून घेणाऱ्या तिथल्या साहेबांना सगळे लॅक्टोमीटर म्हणतात, कारण ते दुधात जसं पाणी बघतात तसंच माणसाच्या बोलण्यातही बघतात. त्यांनी कॅन उतरवून घेतले, वजन केलं, आणि मग चष्मा कपाळावर चढवला. चष्मा वर गेला की समजायचं, काहीतरी वाईट येतंय.

"मागून ट्रक आला असता तर? दूध गेलं असतं, वहिनी गेल्या असत्या."

आधी दूध, मग मी. पण बोलायची वेळ नव्हती.

"शनिवारी सकाळी मी स्वतः गाडीच्या मागे उभा राहून बघणार," लॅक्टोमीटर म्हणाले. "ब्रेकबरोबर लागला आणि ब्रेकबरोबर गेला, तर फेरी तुमची. नाहीतर पलीकडच्या वाडीचा टेम्पोवाला कधीचा विचारतोय."

हे रिकामा कॅन उचलायला वाकले, मी तो हातातून काढून घेतला. पोती वाहून वाहून यांची पाठ गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वजन विसरा, बसून होईल असं काहीतरी बघा. बसून होईल असं या भागात एकच काम होतं, ते आम्हाला मिळालं. सहा महिने घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस त्या सीटवर बसायला लागल्यावर परत माणसात आला होता. फेरी गेली असती तर मी कुठेतरी खुरपायला गेले असते, पोट भरलं असतं कसंतरी. पण हे परत त्या भिंतीकडे वळले असते. मला भीती होती ती त्याची.

बुधवारी ठिणगीला बोलावलं. ठिणगी म्हणजे आमच्याकडचा वायरमन. विहिरीवरच्या मोटारी, घरातले पंखे, लग्नातल्या माळा, सगळं तोच बघतो. एकदा खांबावरून पडला तरी पक्कड सोडली नव्हती त्याने. आला तो कानामागे टेस्टर आणि तोंडात इन्सुलेशन टेपचा तुकडा धरून.

"वहिनी, तुम्ही मागे उभ्या राहा आणि नुसतं सांगा, लागला की गेला. दादा, तुम्ही पेडल दाबा."

सीटवर चढायचं म्हणजे यांचा पुन्हा तो कार्यक्रम. त्यापेक्षा हे बाहेरूनच उकिडवे बसले, हात आत घातला आणि हाताने पेडल दाबलं.

"लागला," मी म्हणाले.

सोडलं.

"गेला."

दाबलं, लागला. सोडलं, गेला. वीस वेळा केलं. दिवा इतका शहाण्यासारखा वागत होता की माझा मलाच राग यायला लागला.

"तरी बल्ब बदलतो," ठिणगी म्हणाला, आणि बदलला. फ्यूज काढून उन्हात धरून बघितला. दिव्याची काळी वायर जिथे पत्र्याला लावलेली होती तिथला गंज कानशीने घासला. "अर्थिंग खराब असेल तर करंट भलतीकडून फिरतो, वहिनी. त्याला वाट पाहिजे, कुठूनही शोधतो." मग पेडलमागचा बटणासारखा स्विच उघडला. तो चिखलाने पार माखलेला. "हा बघा चोर! चिखलात अडकून बसत असणार." त्याने तो रॉकेलने धुतला, फुंकला, बसवला. यांनी हाताने दाबलं. लागला. सोडलं, गेला. ठिणगीने हात पुसले, मी सगळ्यांना चहा केला, आणि हे माझ्याकडे बघून विजयी हसले. त्यात त्यांचा काय विजय होता, कोण जाणे.

गुरुवारी सकाळी कुंपण ओलांडलं आणि सगळं लाल.

मी सांगितलंच नाही. दोन गोठे गेले, तीन गेले. शेवटी हेच म्हणाले, "गप्प का आहेस?"

"लाल आहे."

"अजून?"

"अजून."

"कालच तर धुतला!" त्यांचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. मला ते चिडलेले जास्त आवडतात.

त्यातच परतताना चढावर गाडीने मान टाकली. रोज घरी पोचून वर थोडं चार्जिंग उरतं, त्या दिवशी शाळेच्या चढावरच संपलं. रिकामे अकरा कॅन, एक गाडी आणि आम्ही दोघं. हे हँडल धरून डावीकडून ओढत होते, मी मागून छातीने ढकलत होते. शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. एक म्हणाली, "बैलगाडी बरी होती की!" मी हसले. हसले नसते तर रडले असते, आणि रडत ढकलता येत नाही. वर पोचलो तेव्हा मागच्या चाकाला माझा हात लागला आणि चटकाच बसला. आतून तापलेलं होतं.

"चाक तापलंय अहो."

"उन्हाने असेल."

"ऊन कुठे आहे?"

मी चटका बसलेली बोटं तोंडात घातली.

ठिणगी परत आला. चाकाचं ऐकून डोकं खाजवत बसला. "म्हणजे ब्रेक घासतोय. म्हणून चाक तापतं, म्हणून चार्जिंग लवकर संपतं. दिवा खोटं बोलत नाहीये, वहिनी. ब्रेक खरंच लागून राहतोय."

"तेच तर मी चार दिवस—"

"पण का?" त्याने पान्याने मागचा नट ढिला केला. चाक हाताने फिरवलं, मोकळं भिरभिर फिरलं. पेडलची स्प्रिंग जुनी म्हणून नवी, कडक बसवली. स्विचही नवा घातला. आता पेडल दाबायला यांना दोन्ही हात लावावे लागले. लागला. गेला.

तरीही शुक्रवारी सकाळच्या फेरीत सगळं लालच. दुपारी मीच हट्ट धरला, नुसतं उभ्या उभ्या नको, चालवून बघू. ठिणगीच्या डोक्यात नवंच आलं होतं. वजनाने हौदा खाली बसतो आणि एखादी वायर दबते, असं त्याचं म्हणणं. पटण्यासारखं होतं. मग आम्ही अकरा कॅन विहिरीच्या पाण्याने भरले. माझी कंबर मोडली. ठिणगी सीटवर बसला, हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि आली. दिवा नाही.

"बघितलंत? वजनाने नाही," ठिणगी म्हणाला. "एक राहिलंय. वहिनी, तुम्ही बसा."

"म्हणजे मी बसल्याने लागतो, असं म्हणायचंय तुला?"

"सगळं करून बघायचं असतं."

बसले. माझ्या जागी, उलटी, पाय रोवून. ठिणगीने गल्लीभर दोन चकरा मारल्या. ब्रेक मारला की लाल, सोडला की साफ. ऊन पडलं होतं तरी फळीवर लाली चांगली दिसायची. मला तर बाई काहीच समजेना. तीच गाडी, तेच वजन, तीच मी! पाच दिवस मी पाहिलं ते काय होतं मग? रात्री झोप नाही, सकाळी धुकं, खरंच माझे डोळेच गेले की काय, असं वाटायला लागलं. तेवढ्यात हे म्हणाले, "झालं ना समाधान? उद्या तिथे लॅक्टोमीटरसमोर तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला उघडू? तो दिवाच उघडेल."

"तुला पाहिजेच आहे का फेरी जायला?"

हे बोलले आणि स्वतःच खाली बघायला लागले. मी आत गेले आणि पाण्याचे अकरा कॅन एकटीने ओतून पालथे घातले, कुणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी ठिणगी सकाळीच आला, न बोलावता. म्हणाला, सेंटरपर्यंत मागून सायकलवर येतो, काही झालं तर तिथेच बघता येईल. खरं तर त्याच्याही जिवाला लागलं होतं. आयुष्यात कुठल्या दिव्याने त्याला असं बनवलं नव्हतं. आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं म्हणून सगळ्यांनी दूध पहाटे आमच्या दारातच आणून दिलं होतं, भरलेले कॅन हौद्यात होते. धुकं जरा विरळ होतं. हे दांडा धरून सीटवर चढले, किल्ली फिरवली, मूठ पिळली. गाडी चार हात गेली असेल.

"लागला!" मागून ठिणगी ओरडला. "दादा, थांबा! लागलाय, वहिनी, लागलाय खरंच!" त्याच्या आवाजात भूत बघितल्यासारखं काहीतरी होतं.

"उतरू नका!" मी हौद्यातून किंचाळले. का किंचाळले, मला सांगता येणार नाही. उतरले की विझतो, एवढं एकच पाच दिवसांत माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "आहे तसे बसून राहा. अजिबात हलू नका."

"मी कुठे हलतोय?"

"ब्रेकवरचा पाय काढा."

"काढलेलाच आहे."

"दादा, लागलेलाच आहे अजून!" ठिणगी.

"अरे, पाय नाहीच आहे तिथे! किती वेळा सांगू?" हे आता रडकुंडीला आले होते. "स्विच नवा, स्प्रिंग नवी, बल्ब नवा. आता काय गाडी नवी आणू? आठ वाजता तो माणूस मागे उभा राहणार आहे!"

मी कॅनवरून उडी मारली आणि चालत पुढे आले. तीन वर्षांत मी गाडीच्या त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. पेडलवर पुन्हा चिखल बसला असेल तर पुसावा म्हणून पदर हातात घेतला होता. खाली वाकले.

यांचा उजवा पाय पेडलवर होता. नुसता टेकलेला नाही, टाच सुटून पुढे घसरलेली, आणि सगळा पाय आपल्या भाराने पेडलवर पडलेला, झोपलेल्या माणसाचा हात पडतो तसा. मी वर बघितलं. हे मान वळवून मागे, ठिणगीकडे बघत होते. चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. खरोखर नव्हता.

मी दोन्ही हातांनी तो पाय घोट्याशी धरला आणि उचलला. जड होता.

"गेला!" मागून ठिणगी ओरडला. "दादा, गेला! विझला!"

"बघ," हे मागेच बघत म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला. "मी काही केलं का? आपोआप गेला. बघितलंस ना तू? आपोआप!"

पाय माझ्या हातात होता आणि ते मान वळवून ठिणगीशी बोलत होते.

"अहो," मी म्हणाले. "खाली बघा."

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "थंडी आहे ना. बधिर झाला असेल."

मी डाव्या पायाला हात लावला. तो झटक्यात मागे गेला. "हात केवढे गार तुझे!" म्हणाले, आणि मग ते बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

ठिणगी येऊन शेजारी उभा राहिला होता. त्याने पेडलकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि कानामागचा टेस्टर काढून खिशात ठेवला. "दादा," तो हळूच म्हणाला, "आज मी नेतो गाडी. पावणेआठ झालेत. दूध थांबणार नाही."

हे उतरले. त्या दिवशी मी उजवा पाय नीट बघितला. ते तो ठेवत नव्हते, सोडून देत होते. मी त्यांना पायरीवर बसवलं. ठिणगीने मूठ पिळली आणि आमची गाडी आम्हाला न घेता निघाली. कोपऱ्यावर दिवा लागला, गाडी वळली, दिवा गेला.

"बरोबर लागला," हे म्हणाले. "पास करतील ते."

"करतील."

"गाडीत काही नव्हतंच मग."

"नव्हतं."

"ठिणगी रोज थोडाच येणार आहे?"

"मला शिकवा," मी म्हणाले. "मूठच तर पिळायची. तुम्ही मागे बसा, कॅन धरा." ते भिंतीकडे वळले नाहीत. रस्त्याकडे बघत राहिले. "आणि सोमवारी दवाखाना. पाठीच्या त्याच डॉक्टरांकडे. नाही म्हणायचं नाही."

चिखल पुसावा म्हणून मी पाय मांडीवर घेतला. तळव्याला मधोमध काळं काहीतरी होतं. चिखल नव्हता. काचेचा तुकडा होता, नखाएवढा, कधीचा रुतलेला, भोवतीचं मांस पांढरं पडलेलं. मी बांगडीतली पिन काढली.

"काय आहे गं?"

"काच आहे."

"काच?" त्यांनी मान ताठ केली, दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. लहानपणापासून सुईला घाबरतात ते. "काढ. पण ओढायच्या आधी सांग हं मला. दुखेल."

"हो," मी म्हणाले. "सांगते."

काच कधीच निघाली होती. माझ्या तळहातावर होती.